टेबल स्थिर केल्याबद्दल

मिस्त्रींना वाकडं बघवत नसे. हे मी कौतुकाने सांगत नाही. तो एक आजारच होता, आणि पाठीच्या आजाराच्या कितीतरी आधीपासूनचा. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले की यांची नजर आधी दाराच्या चौकटीवर. यजमान "या, बसा" म्हणतायत आणि हे चौकटीला तळहात लावून सांगतायत, "वरच्या अंगाला दोन सूत बाहेर आलंय हो." सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. एवढ्याशा फरकाने कुणाची झोप उडू नये, पण मिस्त्रींची उडायची. फर्निचरच्या कारखान्यात सगळे त्यांना गुण्या म्हणत. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. नाव चिडवायला ठेवलेलं होतं, पण मिस्त्रींना ते मनापासून आवडायचं.

आठ वर्षांपूर्वी एका शाळेच्या सभागृहात छताजवळची फळी बसवताना शिडी सरकली आणि मिस्त्री दहा फुटांवरून पाठीवर आले. शिडी आपण लावलेली नव्हती, हे ते अजूनही येईल त्याला सांगतात. पाठीचे दोन मणके दबले, एक नस चिरडली, ऑपरेशन झालं, आणि उजवा पाय कधी आपला तर कधी परका झाला. कारखान्याने सहा महिने वाट पाहिली, मग हत्यारांची पेटी घरी पोचवली.

आता या दुखण्याची गंमत ऐका. गंमत म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. ते रोज सारखं नसतं. आठवड्यातले दोन दिवस बरे जातात. त्या दिवशी मिस्त्री आपलं आपण उठतात, आंघोळ करतात, काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात आणि लोकांच्या दारांखिडक्यांना नावं ठेवतात. तीन दिवस मधले. उरलेले दोन असे की कुशीवर वळायलाही बायकोचा हात लागतो, आणि वळवताना तोंडातून निघणारा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. कोणता दिवस कधी उगवेल हे मिस्त्रींनाही आदल्या दिवशी ठाऊक नसतं. आणि बऱ्या दिवशी जरा जास्त हालचाल झाली, की पुढचे तीन दिवस ठरलेलेच.

सरकारी अपंग भत्ता लागला होता. त्यातून घरभाडं आणि गोळ्या भागत. मिस्त्रीणबाई घरात मशीनवर शाळेचे गणवेश शिवत, त्यातून पोटाचं चाले. मूलबाळ नव्हतं. दोन खोल्या, एक खिडकी, आणि खिडकीशी मिस्त्रींचा पलंग. पलंग त्यांनी स्वतः केलेला, अर्थातच. करकरत नाही. दोघांनी एकमेकांना धरून आठ वर्षं अशी काढली होती, आणि फार तक्रार केली नव्हती.

मग कुठल्याशा गावी भत्ता घेणारा एक माणूस रस्सीखेचीच्या सामन्यात पहिला आला. तोही दोर कमरेला बांधून शेवटी उभा राहणारा गडी म्हणून! वर्तमानपत्रात फोटो छापून आला. लबाड माणसं नसतात असं कोण म्हणतं? असतात, आणि मजेत असतात. पण हा एक फोटो आला आणि सरकारने साप साप म्हणून भुई धोपटायला सुरुवात केली. बसथांब्यांवर पाट्या लागल्या, "खोटा भत्ता घेणारा तुमच्या शेजारी राहतो का? कळवा." खाली फोन नंबर. सगळ्यांची फेरतपासणी जाहीर झाली.

मिस्त्रींना पत्र आलं तेव्हा ते जवळजवळ खूश झाले.

"बरंच झालं," ते बायकोला म्हणाले. "एकदा नीट तपासू देत. चोर असतील ते निघतील. कर नाही त्याला डर कशाला?"

मिस्त्रीणबाईंनी नवऱ्याचा शर्ट धुऊन इस्त्री केला.

तपासणीच्या दिवशी मधला दिवस होता, बऱ्याकडे झुकणारा. सकाळी एक गोळी जास्त घेऊन मिस्त्री रिक्षाने गेले. सोबत बायको होती, पण तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. आत एकट्याने जायचं, असा नियम. खोली छोटी. एक कपाट, दोन खुर्च्या, एक टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि लॅपटॉपमागे तपासनीस बाई. वयाने तिशीच्या आतल्या, बोलायला गोड. "या काका, सावकाश बसा" म्हणाल्या. मिस्त्रींना बाई एकदम पसंत पडल्या.

प्रश्न सुरू झाले. एका दमात किती चालता येतं?

"चाळीस पावलं," मिस्त्री म्हणाले. "बऱ्या दिवशी पन्नास. परवा अठ्ठेचाळीस झाली."

"म्हणजे पन्नासपर्यंत," बाई म्हणाल्या आणि टाइप केलं.

"नाही, पन्नासपर्यंत म्हणजे रोज नाही."

"इथे 'रोज'ला जागा नाहीये काका. येतं किंवा येत नाही, दोनच रकाने आहेत."

हात डोक्यावर जातो का? जातो. लिटरभर पाण्याचं भांडं उचलता येतं का? मिस्त्रींनी विचार केला आणि ओट्यावरून येतं, जमिनीवरून येत नाही, असं खरं ते सांगितलं. बाईंनी "येतं" वर बोट दाबलं. त्यांनी बोट दाबलं की टेबल हलायचं. 'येतं' म्हटलं की डुग. 'येत नाही' म्हटलं की डुग.

तिसऱ्या प्रश्नापासूनच मिस्त्रींचं लक्ष उडालं होतं. डावीकडचा पुढचा पाय. दोन सूत कमी. जास्तीत जास्त अडीच. बाई विचारत होत्या की पँट स्वतः घालता का, आणि मिस्त्री विचार करत होते की हा पाय कापणाऱ्याला कामावर ठेवलं कुणी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मिस्त्री तर चांगले जिवंत होते.

"एक मिनिट हं," ते म्हणाले.

खिशात फेरतपासणीच्या पत्राचं पाकीट होतं. त्यांनी त्याची घडी घातली, घडीची घडी घातली, चिमटीत दाबून जाडी पाहिली आणि आणखी एकदा दुमडलं. मग टेबलाची कड पकडून, सगळा भार डाव्या अंगावर घेऊन, खुर्चीतून घसरत डावा गुडघा टेकला. ऑपरेशननंतर दवाखान्यात शिकवलेली युक्ती होती ती. घडी पायाखाली सरकवली. तळहाताने टेबल दाबून पाहिलं. हललं नाही. आला तसाच कड धरून माणूस परत खुर्चीत. कमरेतून एक सणक डोक्यापर्यंत गेली, पण बाईमाणसासमोर तोंड वाकडं कसं करायचं? मिस्त्री हसले.

बाईसुद्धा हसल्या. "थँक यू हं काका! दोन महिने सांगतेय ऑफिसात, कुणी लक्ष देत नव्हतं."

"लाकूड ओलं असताना कापलंय," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही तरी काय करणार?"

घरी येताना रिक्षातच त्यांना घाम फुटला. जिन्याच्या सहाव्या पायरीवर उजवा पाय गेला. पुढचे तीन दिवस त्यांनी छत पाहण्यात काढले. मिस्त्रीणबाईंनी गणवेश बाजूला ठेवले, भांडं दिलं, घेतलं, पाठ पुसली, कूस बदलली. डॉक्टरांना बोलवू का, असं त्यांनी विचारलं होतं. मिस्त्री नको म्हणाले. डॉक्टर येऊन काय सांगणार? पडून रहा. ते तर फुकटात चाललंच होतं.

महिन्याने निकालाचं पत्र आलं. मिस्त्रीणबाई मशीनवरून उठून मोठ्याने वाचायला लागल्या आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली खाली गेला. "अर्जदार विनाआधार खुर्चीतून उठला, जमिनीपर्यंत वाकला, हाताने बारीक काम केले व हसतमुखाने पुन्हा जागेवर बसला. चलनवलनात लक्षणीय अडचण दिसून आली नाही." भत्ता चालू महिन्यापासून बंद. शिवाय, आठ वर्षं खरी परिस्थिती दडवून भत्ता घेतल्याचा संशय असल्यामुळे चौकशी प्रस्तावित. हरकत असल्यास तीस दिवसांत अपील करावे.

"विनाआधार?" मिस्त्री म्हणाले. "मी कड धरली होती की!"

"कसली कड?" बायकोने विचारलं. टेबलाचं त्यांनी तिला सांगितलंच नव्हतं. आता सांगितलं. ती खाली बसली.

"अहो, पण का?"

"हलत होतं गं."

घराचं भाडं, गोळ्या, सगळं एका डुगडुगत्या टेबलापायी गेलं होतं. आणि ते टेबल अजून तिकडे मजेत उभं होतं.

बातमी जिन्यातून खाली गेली. कशी गेली देव जाणे, मिस्त्रीणबाईंनी तर तोंड उघडलं नव्हतं. खालचा इस्त्रीवाला एरवी मिस्त्रींना बघून स्टूल पुढे करायचा. आता नुसतं म्हणाला, "मग मिस्त्री, सुरू करा की काम पुन्हा." त्याने ते वाईट हेतूने म्हटलं नसेल. पण समोरच्या निवृत्त कंडक्टरांचं काय? मिस्त्री काठी टेकत निघाले की ते गॅलरीत येत आणि त्यांचे ओठ हलत. पावलं मोजत होते हो. मिस्त्री बत्तिसाव्या पावलावर थांबले आणि परत फिरले. आपण खरंच थकलो म्हणून थांबलो, की ते मोजतायत म्हणून थांबलो, हे त्यांचं त्यांनाच सांगता येईना. त्यानंतर ते गल्लीत गेले नाहीत.

अपिलाचा अर्ज भरायला दोघं सरकारी कचेरीपाशी गेली. तिथे जिन्याखाली दोन खोक्यांवर फळी टाकून एक अर्जवाला बसतो. पूर्वीचा टायपिस्ट. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याने अहवाल वाचला आणि कपाळाला हात लावला.

"मिस्त्री, आपल्या पायावर धोंडा मारून घेणारे पाहिले होते. घडी करून, जाडी मापून मारून घेणारे तुम्हीच."

"मी खोटं काय केलं?"

"काहीच नाही. तिथेच तर घोळ आहे. तुम्ही तिथे बरा दिवस घेऊन गेलात. तिथे वाईट दिवस न्यायचा असतो. वाईटातला वाईट."

"पण रोज तसं नसतं."

"हे त्यांनी विचारलं तरच सांगायचं."

"विचारतील की."

अर्जवाल्याने चष्मा काढून पुसला. "एक गिऱ्हाईक होतं माझं. फाटकापर्यंत चाकाच्या खुर्चीतून यायचं, आत कण्हायचं, बाहेर आलं की खुर्ची घडी करून स्वतःच गाडीच्या डिकीत टाकायचं. त्याचा भत्ता अजून चालू आहे. कागद कसे, एकदम चोख! चोराचे कागद कधी अपुरे नसतात मिस्त्री. तुमच्याकडे त्या तीन दिवसांचा काही कागद आहे का? डॉक्टरची चिठ्ठी?"

नव्हता. कागद नाही म्हणजे दुखणंही नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, पण कळल्याचा दाखला कुठून आणायचा?

त्या दिवशी संध्याकाळी मिस्त्रीणबाईंनी मशीन बंद केलं आणि पलंगाच्या कडेला येऊन बसल्या.

"एकदा वाकडं बोला," त्या म्हणाल्या. "एकदाच. म्हणा की वाकताच येत नाही. त्या दिवशी टेबल धरून कसाबसा पडलो आणि बाईंनीच उठवलं, म्हणा."

"बाईंनी नाही उठवलं."

"अहो, मला माहीत आहे ते!"

"मग मला कशाला सांगतेस? आठ वर्षं मी पडून खातोय. तुझ्या हातून भांडं घेतोय. तरी मान वर करून झोपतो, कारण फसवून घेतलं नाही कुणाचं. तेही काढून घेशील?"

"मान वर करून झोपाल कुठे? रस्त्यावर?"

लग्नाच्या एकतीस वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. मिस्त्रींनी भिंतीकडे तोंड केलं. वळताना कळ आली, पण त्यांनी आवाज काढला नाही. बायको परत मशीनकडे गेली. पाय पेडलवर होते, पण मशीन बराच वेळ चाललं नाही.

अपिलाची तारीख आली, आणि त्या सकाळी मिस्त्री उठून बसले तर पाठ मोकळी. इतकी मोकळी की गेल्या महिन्याभरात नव्हती. उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत जीव होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं, बायकोने त्यांच्याकडे.

"आजच?" मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "आजच बरं वाटायचं होतं का हो तुम्हाला?"

म्हणाल्या आणि त्यांनाच हुंदका आला. नवऱ्याला बरं वाटतंय म्हणून बायकोने रडावं, असा तो दिवस.

समितीत तिघं होते. मध्ये अध्यक्ष, केस पांढरे, आवाज मऊ. उजवीकडे डॉक्टर, डावीकडे लिहून घेणारा. लांबलचक टेबल, पुढच्या बाजूने जमिनीपर्यंत फळ्या मारलेलं. या वेळी मिस्त्रीणबाईंना आत सोडलं होतं.

मिस्त्रींनी सगळं खरं सांगितलं. शिडीपासून सुरुवात केली. बरे दिवस, मधले दिवस, वाईट दिवस. टेबल हलत होतं, मी घडी घातली, हो, वाकलो, कड धरून वाकलो, आणि तीन दिवस उठलो नाही. अध्यक्षांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. ऐकून घेणारा माणूस भेटला की केवढं बरं वाटतं! मिस्त्रींना वाटलं, झालं आपलं काम.

"त्या तीन दिवसांचा काही वैद्यकीय पुरावा?" डॉक्टरांनी विचारलं.

"ही होती ना. हिने बघितलं सगळं."

मिस्त्रीणबाई उभ्या राहिल्या. "मी सांगते साहेब. मी यांना कुशीवर..."

"तुम्ही पत्नी ना?" अध्यक्ष मऊपणे म्हणाले. "बसा ताई. भत्त्यावर तुमचंही घर चालतं, त्यामुळे तुमचं म्हणणं पुरावा म्हणून घेता येत नाही. नियम आहे. बसा."

बायको बसली. आठ वर्षं जिने रात्रंदिवस बघितलं तिचं बघणं चालत नाही, आणि वीस मिनिटं बघणाऱ्या बाईचं चालतं. वा रे नियम! लिहिणाऱ्याने पान उलटलं. मिस्त्रींना उलटी अक्षरं वाचायची सवय होती; कारखान्यात समोर बसणाऱ्याचा नकाशा ते असाच वाचत. कागदावर एक तक्ता होता. 'वाकता येते' या शब्दांपुढे लिहिणाऱ्याचं पेन येऊन थांबलं होतं.

"असं करू," अध्यक्ष म्हणाले. "त्या दिवशी कसे वाकलात ते जरा दाखवाल? जमेल तेवढंच. जबरदस्ती नाही." त्यांनी आपली पेन्सिल टेबलाला वळसा घालून येऊन मिस्त्रींच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली. "ही उचला."

मिस्त्री उभे राहिले. पेन्सिल पाहिली. पाठीला विचारलं. पाठ म्हणाली, जमेल. डावा गुडघा टेकवला तर उचलूनही होईल आणि उठूनही होईल. पुढचे तीन दिवस काय व्हायचं ते होईल, पण या खोलीत, या घटकेला, जमेल. आपल्या शरीराचं माप त्यांना सुतापर्यंत ठाऊक होतं. खरं तेवढंच करायचं तर पेन्सिल उचलायची. उचलली की पेन खाली टेकणार, आणि मिस्त्री आठ वर्षांचे चोर ठरणार.

त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर लाजेने कदाचित उचललीही असती.

ते वाकायला लागले. अर्ध्यावर आले. हात पेन्सिलीपासून वीतभर राहिला होता. आणि तिथे मिस्त्रींनी स्वतःला सोडून दिलं.

पडणं त्यांना नवं नव्हतं. कुठल्या अंगावर घ्यायचं हे माहीत होतं. डाव्या खांद्यावर घेतलं. फार लागलं नाही. पण ते ओरडले. जो आवाज वाईट दिवशी आपोआप निघतो, तो त्यांनी त्या बऱ्या दिवशी बोलावून आणला. आणि त्याच्याही वर, खोली फाडत, मिस्त्रीणबाईंची किंकाळी गेली.

"मारलं! मारलं माझ्या माणसाला! बघा आता! हवं होतं ना बघायला? बघा!"

डॉक्टर धावले. लिहिणारा पाणी आणायला पळाला. अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला होता. "उठू नका, उठू नका," ते म्हणत होते, आणि रुमालाने कधी आपला घाम पुसत होते, कधी मिस्त्रींचा. मिस्त्री जमिनीवर डोळे मिटून पडले होते. बायकोने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी त्यांच्या कपाळावर पडत होतं. ते मात्र अगदी खरं होतं. मिस्त्रींना त्या क्षणी मेलेलं परवडलं असतं.

तीन आठवड्यांनी आदेश आला. हातच्या काकणाला आरसा कशाला! समितीने प्रत्यक्ष पाहिलं होतं. "अर्जदाराचे कथन प्रामाणिक व विश्वासार्ह आढळले." भत्ता पूर्ववत. चौकशी रद्द. आणि शेवटी बारीक अक्षरात एक ओळ: यापुढील पडताळणी पूर्वसूचना न देता होऊ शकते.

'प्रामाणिक' हा शब्द मिस्त्रीणबाईंनी दोनदा वाचला. मग आदेश छातीशी धरून हसल्या. "बघितलंत? तुम्ही म्हणत होतात तेच खरं. खरं बोलणाऱ्याला कुणाची भीती नाही. उगाच मी तुम्हाला भलतं सांगत होते. चुकले मी."

हे काही मिस्त्रींच्याने ऐकवेना. खोटं बोलणं एक वेळ जमलं. पण बायकोने आपली माफी मागावी, आणि आपण ती घ्यावी, हे जमेना.

"मी मुद्दाम पडलो," ते म्हणाले.

"काय?"

"उचलता येत होती पेन्सिल. अर्ध्यातून सोडलं मी."

तिने आदेशाची घडी घातली.

"मला खरंच वाटलं होतं," ती म्हणाली. "मी ओरडले ते खरं होतं."

"म्हणूनच त्यांनी मानलं."

त्या दिवशी तिने ताट वाढलं, ताट उचललं आणि ती मशीनवर बसली. रागावली असती तर मिस्त्रींना सोसलं असतं. वाकडं बोला म्हणणारीही तीच होती, त्यामुळे रागवायची सोय तिलाही नव्हती. दोघंही एकाच दोराने बांधली गेली होती, आणि तो दोर कुणालाही दाखवता येत नव्हता.

घर मात्र चालू लागलं. भाडं गेलं, गोळ्या आल्या. इस्त्रीवाल्याने स्वतःहून वर येऊन विचारपूस केली, "समितीसमोरच पडलात म्हणे! अरेरे." कंडक्टरांनी आपल्या बायकोबरोबर मलम पाठवलं. मिस्त्री पलंगावर पडून हे सगळं घेत राहिले. अघोषित पडताळणीला कोण येईल, कधी येईल, कोणाच्या वेषात येईल, सांगता येत नव्हतं. गॅसवाला आला तरी मिस्त्री पांघरूण हनुवटीपर्यंत ओढत. वाईट दिवस आले की दोघांना बरं वाटे. त्या दिवशी कण्हणं खरं असे, खिडकी उघडी ठेवता येई, आणि आवाज खाली गेला तर जाऊ दे, असं म्हणता येई.

दीडेक महिन्यानंतर एका सकाळी मिस्त्री जागे झाले. ऊन पलंगावर आलं होतं. त्यांनी हळूच पाय हलवला. मग दुसरा हलवला. दोन्ही हात टेकून उठून बसले, पाय खाली सोडले, आणि उजव्या तळव्याला फरशीचा गारवा लागला. पाठीत काही नव्हतं. जरासुद्धा काही नव्हतं. एखाद्या माणसाला हसू यावं असा तो प्रकार होता, आणि मिस्त्रींना ते आलंच.

"अगं," ते म्हणाले, "आज बरं वाटतंय मला."

मशीन थांबलं. मिस्त्रीणबाई उठल्या. त्यांच्याकडे न येता आधी खिडकीकडे गेल्या, खाली गल्लीत पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. मग वळल्या.

"हळू बोला," त्या म्हणाल्या.